स्वेटर विणायला घेण्यापूर्वीचा चौकोन

गुहागरच्या एका ताईंनी पुण्यातल्या आठ वर्षांच्या भाच्यासाठी एका अमेरिकन पॅटर्नवरून स्वेटर विणला. पॅटर्नमध्ये ६ नंबरच्या सुया, डबल निटिंग जाडीची लोकर आणि पुढच्या व मागच्या भागाला प्रत्येकी ८१ टाके असे दिले होते. त्यांनी ते तंतोतंत पाळले. शिवून झाल्यावर छातीचा घेर ७२ सेंटिमीटर यायला हवा होता, तो ८८ आला. त्यांचा प्रश्न असा, की स्वेटर विणायला घेण्यापूर्वी टाक्यांचे माप तपासण्यासाठी त्याच लोकरीचा छोटा चौकोन विणून पाहा असे सगळे सांगतात, पण त्यात लोकर वाया जाते आणि पावसाळ्यात तो चौकोन धुतला तर वाळता वाळत नाही. मग तो खरोखरच विणावा लागतो का, की अनुभवी हाताला त्याची गरज नसते?

चौकोन विणावा लागतो, आणि हाताला अनुभव असला तरी लागतो. याचे कारण त्यांच्याच स्वेटरमध्ये दिसते. शिवणीत जाणारे दोन-दोन टाके वजा केले तर दोन्ही भागांचे मिळून १५८ टाके उरतात. १५८ टाक्यांत ८८ सेंटिमीटर भरले, म्हणजे १० सेंटिमीटरमध्ये साधारण १८ टाके बसले. पॅटर्नला तिथे २२ टाके अपेक्षित होते. डबल निटिंग लोकरीचे ४ मिलिमीटरच्या सुईवर सर्वसाधारणपणे २२ टाके येतात. १८ येतात ते त्याहून बऱ्याच जाड सुईवर. इथे घोटाळा नंबराचा झाला आहे. अमेरिकन पद्धतीत ६ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते. आपल्याकडच्या दुकानांत ॲल्युमिनियमच्या ज्या सुया मिळतात त्यांच्यावर बहुधा जुन्या ब्रिटिश पद्धतीचा नंबर असतो, आणि त्या पद्धतीत ६ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर ४ मिलिमीटरची, १० नंबर सव्वातीन मिलिमीटरची आणि १२ नंबर पावणेतीन मिलिमीटरची असते. अमेरिकन पद्धत याच्या नेमकी उलटी चालते. म्हणून पॅटर्न कोणत्याही देशातला असो, सुईचा नंबर न पाहता मिलिमीटर पाहावे, आणि सुईवर ते छापलेले नसेल तर भोकांची मापपट्टी वापरून मोजून घ्यावे. ताईंना हव्या होत्या त्या आपल्या ८ नंबरच्या सुया.

चौकोन विणला असता तर ही गोष्ट पहिल्या संध्याकाळीच उघड झाली असती. परंतु सुई बरोबर असती तरी चौकोनाची गरज संपली नसती, कारण पॅटर्नमध्ये दिलेले टाक्यांचे माप हे तो पॅटर्न तयार करणाऱ्या व्यक्तीच्या हाताचे माप असते. एकच लोकर आणि एकच सुई दोघींच्या हातात दिली तर एकीचे १० सेंटिमीटरमध्ये २१ टाके येतात आणि दुसरीचे २४, आणि यात चूक कोणाचीच नसते. लोकर बोटाला एकदा गुंडाळली की दोनदा, टाका सुईच्या टोकावर करायचा की जाड भागावर सरकवून, उलट ओळ सुलट ओळीइतकीच घट्ट येते की सैल, अशा सवयींनी हात घडलेला असतो. गुंड्याच्या कागदी पट्टीवर जो छोटा चौकोन, सुईचे माप आणि टाक्यांची संख्या छापलेली असते, तीही अशीच कोणा एकाची शिफारस आहे, हमी नव्हे.

एक-दोन टाक्यांचा फरक क्षुल्लक वाटतो. पण मोठ्या माणसाच्या ९६ सेंटिमीटर घेराच्या स्वेटरला २२ च्या मापाने २११ टाके लागतात. तेच २११ टाके तुमच्या हाताने १० सेंटिमीटरला २० असे बसत असतील तर घेर साडेएकशे पाच सेंटिमीटर होतो. शालीला हे चालून जाते, दुपट्यालाही चालते. मोज्याला, टोपीला आणि मुंढ्याच्या स्वेटरला चालत नाही. त्यामुळे शाल विणणाऱ्यांनी चौकोन टाळला तर मी वाद घालत नाही, फक्त लोकर पुरेल की नाही हा धोका त्यांनी पत्करलेला असतो.

आता चौकोन कसा विणावा. पॅटर्न २२ टाके म्हणतो म्हणून २२ टाके घालून जो तुकडा काढला जातो तो निरुपयोगी असतो, कारण कडेचे टाके नेहमीच वेडेवाकडे येतात आणि मोजताना तेच मापात धरले जातात. ३४ ते ३६ टाके घालावेत, खाली आणि वर चार-चार ओळी सगळ्या सुलट विणाव्यात, दोन्ही बाजूंना चार-चार टाके कायम सुलट ठेवावेत, म्हणजे चौकोन गुंडाळला जात नाही आणि सपाट राहतो. मधला भाग प्रत्यक्ष कपड्यात जी वीण येणार तीच असावी. वेण्यांचा स्वेटर असेल तर वेण्यांचाच चौकोन हवा, कारण वेणी वीण आत खेचते आणि त्याच रुंदीत साध्या विणीपेक्षा बरेच अधिक टाके बसतात. जाळीची वीण उलट पसरते. उंची किमान १३-१४ सेंटिमीटर होऊ द्यावी. टाके बंद करताना हात सैल ठेवावा, नाहीतर वरची कड आखडते आणि वरून चौकोन निमुळता होतो.

स्वेटर गोल सुईवर (दोन टोके लवचीक दोरीने जोडलेल्या सुईवर), न शिवता विणायचा असेल तर चौकोनही तसाच विणावा लागतो, ही गोष्ट अनेक जणी सोडून देतात. सपाट विणताना एक ओळ सुलट आणि एक उलट येते. गोल विणताना उलट ओळ येतच नाही. ज्यांची उलट ओळ सैल असते, आणि अशा बऱ्याच असतात, त्यांचे माप या दोन पद्धतींत वेगळे येते. यावर सोपा उपाय असा, की गोल सुईवर एक सुलट ओळ विणून झाली की काम उलटवू नये, टाके सुईच्या दुसऱ्या टोकाकडे सरकवावेत, लोकर मागून सैल सोडून पुन्हा पहिल्या टाक्यापासून सुलट विणावे. मागे धाग्यांची जाळी लोंबते, ती लोंबू द्यावी. लहान मुलांच्या स्वेटरला याहून चांगला मार्ग म्हणजे त्याच लोकरीचे टोपडे आधी विणावे. मोजमापही होते आणि लोकरही कामी येते.

यानंतरचा टप्पा धुण्याचा, आणि कोकणात सर्वांत जास्त टाळाटाळ इथेच होते. सुईवरून नुकताच उतरलेला चौकोन मोजून समाधान मानणे म्हणजे कच्च्या कैरीवरून आंब्याची गोडी ठरवण्यासारखे आहे. विणताना धागा ताणलेला असतो. पाण्यात पडल्यावर तो ताण सुटतो आणि टाके आपापल्या जागी बसतात. खऱ्या लोकरीचे टाके धुतल्यावर फुलतात आणि वीण सारखी दिसू लागते. मशीनमध्ये धुण्यासाठी प्रक्रिया केलेली लोकर मात्र धुतल्यावर सैलावते आणि लांबते, कधी कधी इतकी की कोरडा चौकोन अगदी बरोबर असूनही कपडा गुडघ्याकडे निघतो. सुती धाग्याची विणलेली वीण पहिल्या धुण्यात बहुधा उंचीने आटते आणि पुढे घालता घालता स्वतःच्या वजनाने पुन्हा लांब होते. तान्ह्या बाळाच्या सुती झबल्याला याचे फार काही नसते, पण मोठ्या माणसाच्या सुती जाकिटाचा चौकोन वाळल्यावर दोन-तीन चिमटे खाली लावून दोन दिवस टांगून ठेवावा आणि मग मोजावा.

आपल्या हवेचा भाग इथे येतो. लोकरीचा तंतू हवेतली ओल शोषतो. हाताला ओला न वाटता तो स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत पाणी धरू शकतो. कापडाच्या चाचणीसाठी ६५ टक्के आर्द्रता प्रमाण धरतात. त्या हवेत लोकरीत सुमारे १६ टक्के, कापसात ८ टक्क्यांच्या आसपास आणि ॲक्रिलिकमध्ये फक्त १-२ टक्के ओल असते. किनाऱ्यावरच्या पावसाळी हवेत ही आर्द्रता ६५ वर थांबत नाही. ओल शोषल्यावर लोकरीचा तंतू लांबीने नाममात्र वाढतो, जाडीने मात्र स्पष्टपणे फुगतो. म्हणून आषाढात अर्धवट वाळलेला चौकोन मोजला तर तो जड, लोळागोळा आणि ताणलेला असतो, आणि त्यावरून केलेला हिशोब पुण्याच्या किंवा दिल्लीच्या कोरड्या थंडीत घातल्या जाणाऱ्या स्वेटरला लागू पडत नाही.

पावसात तो वाळत नाही ही तक्रार खरी आहे, पण तिला तोड आहे. चौकोन कोमट पाण्यात, थोड्या सौम्य साबणात किंवा रिठ्याच्या पाण्यात वीस मिनिटे नुसता बुडवून ठेवावा, चोळू नये. रिठ्याने पांढरी लोकर किंचित पिवळसर होऊ शकते, तेव्हा तिथे साबणच बरा. खाडीकाठच्या विहिरींचे पाणी मचूळ असेल तर साबण फेसत नाही आणि त्याचा चिकट थर लोकरीवर बसतो, म्हणून शेवटचे खळबळणे पिण्याच्या पाण्यात किंवा पागोळीखाली धरलेल्या स्वच्छ पावसाच्या पाण्यात करावे. मग चौकोन न पिळता जुन्या पंचात गुंडाळावा आणि त्या वळकटीवर पाय देऊन उभे राहावे. निम्म्याहून अधिक पाणी पंचा घेतो, दुसऱ्या कोरड्या पंचाने आणखी निघते. त्यानंतर वेताच्या किंवा पट्टीच्या खुर्चीच्या बैठकीवर तो सपाट पसरावा, म्हणजे खालूनही हवा लागते, आणि वर पंखा सोडावा. चुलीच्या उबेला किंवा फ्रिजच्या मागे ठेवू नये. धुराचा वास लोकरीतून महिनोन्महिने जात नाही. वाळला की नाही हे हाताने कळत नाही, कारण दमट हवेत सगळेच थंड लागते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रात्री वजन करावे, दुसऱ्या रात्री पुन्हा करावे, आणि आकडा तोच आला की तो वाळला असे समजावे.

चौकोन टाचण्या लावून पसरायचा असेल तर टाचण्या न गंजणाऱ्या असल्याची खात्री करून घ्यावी. खाऱ्या हवेत साध्या पोलादी टाचणीला आतून तांबडेपण आलेले असते, ते डोळ्यांना दिसत नाही, आणि ओल्या पांढऱ्या लोकरीवर त्या टाचणीभोवती सकाळी तांबूस वर्तुळ उमटते. चौकोनावर ते उमटले तर बिघडत नाही, पण स्वेटरवर उमटण्याआधीच ते कळलेले बरे. जुन्या ॲल्युमिनियमच्या सुयांचेही तसेच. त्यांच्यावरचा राखाडी थर फिक्या लोकरीला लागतो, तेव्हा सुई पांढऱ्या फडक्यात ओढून पाहावी आणि फडके काळवंडले तर ती गडद रंगांसाठी ठेवावी. सुई बदलली की चौकोनही पुन्हा विणावा लागतो. घाम येणाऱ्या हाताने ॲल्युमिनियमच्या सुईवर लोकर चिकटते आणि टाके घट्ट होतात. बांबूच्या सुईवर लोकर मुळातच अडखळत सरकते, आणि पावसाळ्यात ते अधिक जाणवते. माप मिलिमीटरमध्ये तेच असले तरी धातूची आणि बांबूची सुई एकाच हातात वेगळे टाके देऊ शकते.

लोकर म्हणून दुकानात जे मिळते त्यातले पुष्कळसे ॲक्रिलिक असते, आणि त्यात वाईट काही नाही, रोज धुवायच्या बाळाच्या कपड्यांना ते सोयीचेच आहे. पण पट्टी हरवलेला गुंडा असेल तर चौकोनाआधी त्याची जात ओळखावी. चिमट्यात धाग्याचा बोटभर तुकडा धरून उघड्यावर पेटवावा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत काढताच विझू लागते आणि बोटाने चुरडेल अशी राख उरते. ॲक्रिलिक वितळते आणि मागे काळा कडक मणी राहतो. ॲक्रिलिकच्या चौकोनाला इस्त्री किंवा जोराची वाफ कधीही देऊ नये. उष्णतेने त्याचे टाके कायमचे चपटे आणि मऊ पडतात, आणि मोजलेले माप मग पुन्हा येत नाही.

मोजताना शिवणकामाची कापडी टेप घेऊ नये, ती वर्षानुवर्षांच्या वापराने ताणलेली असते. स्टीलची किंवा प्लास्टिकची फूटपट्टी घ्यावी. चौकोन कठीण, सपाट जागी ठेवावा, हाताने जराही ओढू नये, कडेपासून दोन-अडीच सेंटिमीटर आत एक टाचणी उभी लावावी आणि तिथून बरोबर १० सेंटिमीटरवर दुसरी. मग दिवसाउजेडी, दारात किंवा पडवीत बसून, सुलट बाजूचे इंग्रजी व्हीसारखे दिसणारे टाके एका ओळीत मोजावेत. अर्धा टाका असेल तर तो अर्धाच धरावा, सोडून देऊ नये. ९६ सेंटिमीटरच्या घेरात त्या अर्ध्या टाक्याचे जवळपास पाच टाके होतात. तीन वेगळ्या जागी मोजून सरासरी घ्यावी. त्यानंतर उभ्या दिशेने ओळी मोजाव्यात. गडद निळ्या किंवा काळ्या लोकरीत सुलट बाजूने ओळी दिसत नसतील तर उलट बाजूचे उंचवटे मोजणे सोपे जाते. जुन्या मराठी आणि इंग्रजी पॅटर्नमध्ये माप इंचात असते. इंचाला ७ टाके म्हणजे १० सेंटिमीटरला साधारण साडेसत्तावीस, २८ नव्हे.

टाके जास्त आले तर जाड सुई घ्यावी, कमी आले तर बारीक. मुद्दाम घट्ट किंवा सैल विणून माप जुळवू नये. चौकोनापुरते ते जमते, पण स्वेटरच्या पाठीवर चौथ्या दिवशी हात आपल्या मूळ सवयीवर येतोच. टाके जुळले आणि ओळी जुळल्या नाहीत, ही स्थिती फार वेळा येते आणि तिला घाबरण्याचे कारण नाही. टाक्यांना प्राधान्य द्यावे, कारण बहुतेक पॅटर्न उंची सेंटिमीटरमध्ये सांगतात आणि तिथपर्यंत हव्या तितक्या ओळी विणता येतात. अपवाद वरून खाली विणायच्या आणि रॅग्लन बाहीच्या, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी शिवण जाणाऱ्या बाहीच्या, स्वेटरचा. तिथे मुंढ्याची खोली ओळींवरच ठरते. ५४ ओळींची रॅग्लन ३० ओळींच्या मापाने १८ सेंटिमीटर होते आणि २७ च्या मापाने २०, आणि काखेत ते दोन सेंटिमीटर चांगलेच जाणवतात.

कधी असेही होते, की टाके पॅटर्नशी जुळत नाहीत पण वीण हाताला अगदी हवी तशी लागते, ना कडक ना विसविशीत. अशा वेळी सुई बदलू नये, हिशोब बदलावा. तुमचे २० टाके येतात आणि घेर ९६ हवा आहे, तर १९२ टाके लागतील. पॅटर्नच्या मापांच्या यादीत १९२ च्या जवळचे माप शोधावे. २२ च्या हिशोबाने ते ८७ सेंटिमीटर घेराचे येईल. टाके त्या मापाचे घ्यावेत आणि उंची आपल्या मापाची. वीण काही टाक्यांच्या पटीत असेल तर त्या पटीपर्यंत आकडा वर किंवा खाली न्यावा आणि शिवणीचे दोन टाके त्यात मिळवावेत.

लोकर वाया जाते हा आक्षेप राहिला. डबल निटिंगचा १५ सेंटिमीटरचा चौकोन सुमारे १० ते १२ ग्रॅमचा होतो. त्याच्या मोबदल्यात लोकर किती लागेल हेही कळते. चौकोनाचे क्षेत्रफळ २२५ चौरस सेंटिमीटर आणि वजन ११ ग्रॅम असेल, आणि स्वेटरच्या पाठ, पोट व दोन बाह्या मिळून ९००० चौरस सेंटिमीटर होत असतील, तर ४४० ग्रॅम लोकर लागणार. वर एक गुंडा जास्त घ्यावा. गुहागरहून चिपळूणला किंवा रत्नागिरीला जाऊन लोकर आणणाऱ्यांना हा हिशोब फार उपयोगी पडतो, कारण महिन्याने त्याच लॉट नंबरचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेला, गुंडा मिळेल याची शाश्वती नसते आणि दोन लॉटांमधला रंगाचा फरक पाठीवर पट्टा पडल्यासारखा दिसतो. चौकोन आणि गुंडे मात्र एकाच दिवशी तोलावेत. पावसातल्या वजनात हवेतल्या पाण्याचाही वाटा असतो. स्वेटर पूर्ण होईपर्यंत चौकोन उसवू नये. त्याला एक चिठ्ठी बांधून सुईचे माप, टाके, ओळी आणि लॉट नंबर लिहून ठेवावा. अगदीच लोकर कमी पडली तर गळ्याच्या पट्टीला चौकोनाचीच लोकर कामी येते.

चौकोन नीट आला तरी स्वेटर दहा-बारा सेंटिमीटर झाल्यावर त्याच्यावरचे टाके पुन्हा मोजावेत. मे महिन्याच्या उकाड्यात घेतलेला चौकोन आणि गणपतीनंतर सुरू केलेला स्वेटर यांत हात वेगळा चालतो, आणि मोठ्या कामावर हात मोकळा सुटल्याने बऱ्याच जणींचे टाके किंचित सैल होतात.

गुहागरच्या ताईंचा स्वेटर आता उसवायला हरकत नाही. शिवणी आधी सोडाव्यात, प्रत्येक भाग टाके बंद केलेल्या कडेपासून उसवत खुर्चीच्या पाठीभोवती लडी करावी, ती चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात भिजवावी आणि वाळत घालताना खाली हलके वजन लावावे, म्हणजे धाग्यातले वळसे निघतात. नवा चौकोन याच धुतलेल्या लोकरीचा विणावा, न वापरलेल्या गुंड्याचा नव्हे, कारण उसवलेला धागा थोडा बारीक आणि कमी फुललेला असतो. ८ नंबरच्या सुईवर २२ टाके आले तर पॅटर्नचे ८१ टाके जसेच्या तसे घ्यावेत. २३ आले तर ८५ घ्यावेत, म्हणजे एक सुलट एक उलट बॉर्डरला लागणारी विषम संख्याही कायम राहते. आठ वर्षांचे मूल वाढते असते, तेव्हा बाहीला मनगटाशी दोन-तीन सेंटिमीटर दुमडीसाठी जास्त विणायला मी नक्की सांगेन.